रॉजर नको, विल्को

वैमानिक होऊ घातलेल्या माणसाला उडणे जड जात असेल अशी सोलापुरात सर्वांची समजूत आहे; मला मात्र जड गेले ते बोलणे. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांपैकी पन्नासेक तास पदरी पडले होते आणि चार आसनांची सेसना १७२ मला थोडीफार जुमानूही लागली होती. परंतु नियंत्रण कक्षाला आपण कोण, कुठे आहोत आणि आपल्याला काय हवे, एवढे तीन तुकड्यांत सांगायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटत असे. एकदा बोलण्याचे बटण दाबून मी निम्मे वाक्य उच्चारले, पुढचे विसरलो आणि बटण तसेच दाबून ठेवून शेजारच्या प्रशिक्षकांना विचारले, "सर, आता काय म्हणायचं?" या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येत असल्यामुळे आसपासच्या सर्व विमानांना माझी शंका मुकाट्याने ऐकून घ्यावी लागली. प्रशिक्षकांनी माझा अंगठा उचलून बाजूला केला, तेव्हा कुठे पलीकडून शांत आवाजात "से अगेन" असे ऐकू आले. तेवढे मात्र मला पुन्हा म्हणायचे नव्हते.

म्हणून रेडिओ परवान्याच्या परीक्षेआधी मी पंधरा दिवस घरी आलो. मे महिना होता, पारा ४२ अंशांवर होता आणि दिवसा घरात डोके चालणे शक्य नव्हते. त्यामुळे सरावासाठी संध्याकाळी पाणी शिंपडलेली गच्ची निवडली. टीव्हीचा रिमोट तोंडाशी धरून मी "व्हिक्टर टँगो", म्हणजे भारतीय विमानांच्या नावाआधीची व्ही आणि टी ही अक्षरे, असा घोष सुरू केला, तेव्हा पलीकडच्या गच्चीवर वाळलेल्या कुरडया गोळा करणाऱ्या काकूंनी विचारले, "कुणाशी बोलायलास रे बाळा?" विमानतळाशी, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईकडे सिद्धेश्वराच्या देवळातली विभूती पाठवून दिली.

खरा परीक्षक घरातच निघाला. बाबा रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले असून त्यांची बरीच वर्षे होटगी जंक्शनवर गेली आहेत. शेजारच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागायची, तिची खूण म्हणून सोबत आलेला प्रायव्हेट नंबर परत म्हणून दाखवायचा आणि वेळेसह नोंदवहीत लिहायचा, यात त्यांचे आयुष्य गेले. नियंत्रकाने दिलेला धावपट्टीचा क्रमांक वैमानिकाला जसाच्या तसा परत म्हणावा लागतो, हे ऐकून विमानविद्येबद्दल त्यांना प्रथमच आदर वाटला. पाच आणि नऊ यांची खरखरीत गल्लत होऊ नये म्हणून नऊला 'नायनर' म्हणतात, आकडेही सुटे सुटे उच्चारतात, हे तर त्यांना फारच पटले. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्या घोटाळ्यात निम्मे सोलापूर किराणा दुकानात भांडत असते, हे त्यांचे निरीक्षण खोटे म्हणता येणार नाही.

त्यांनी जुनी वही काढून रकाने आखले: वेळ, संदेश, त्रुटी. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी उंचीमापक जुळवायला लागणारा हवेचा दाब १००८ सांगितला आणि मी झोकात १०१८ म्हणून दाखवला.

"दहाचा फरक. काय होईल?" बाबांनी विचारले.

एका हेक्टोपास्कलला सुमारे ३० फूट, या हिशेबाने मी ३०० फूट खाली उडत असेन आणि उंचीमापक मात्र मला वर असल्याचे सांगत असेल, असे मी पुटपुटलो. बाबांनी होटगी रस्त्याच्या दिशेने बोट केले. विमानांना अडथळा होते म्हणून २०२३ च्या जूनमध्ये पाडलेली साखर कारखान्याची चिमणी तिथे होती. तिची उंची सुमारे ९० मीटर, म्हणजे जवळजवळ ३०० फूटच. "पाडली म्हणून वाचलास," असे म्हणून त्यांनी त्रुटीच्या रकान्यात तांबड्या शाईने फुली मारली. त्या आठवड्यात तांबडे पेन संपले.

या सगळ्याचा लाभ अनपेक्षितपणे आईने उठवला. 'रॉजर' म्हणजे केवळ 'ऐकले' आणि 'विल्को' म्हणजे 'ऐकले आणि त्याप्रमाणे करतो', हा भेद मी बाबांना समजावून देत असताना ती जिन्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने मला ज्वारीचे दळण आणायला सांगितले आणि मी पुस्तकातून मान वर न करता "रॉजर" म्हणालो.

"रॉजर नको, विल्को म्हण," आई म्हणाली. मग बाबांकडे वळून तिने पुढचे वाक्य अतिशय सावकाश, एकेक शब्द सुटा करून उच्चारले. "लग्नाला चौतीस वर्षं झाली. यांचं प्रत्येक 'हो' रॉजरच होतं, हे मला आज कळलं."

बाबांनी घड्याळ पाहिले, वही उघडली आणि वेळ लिहिली: सहा वाजून बेचाळीस मिनिटे. संदेशही शब्दशः लिहिला. त्रुटीचा रकाना त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि मग दळणाची पिशवी उचलून ते स्वतःच गिरणीकडे निघाले.