उत्तर: ‘आजार सांगितला म्हणून शेवटी बसवलं’

नमस्कार. आमच्या दातांच्या दवाखान्यात तुम्हाला अपमान झाल्यासारखं वाटलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. रिव्ह्यूत तुम्ही आजाराचं नाव लिहिलंय, मी इथे घेणार नाही. ते कुणाला सांगायचं, हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

पण ‘आजार कळला म्हणून मुद्दाम सगळ्यांत शेवटी बसवलं’ या वाक्याने दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. तुमची वेळ साडेपाचची. तुम्ही आलात पाच पंचावन्नला, रजिस्टरमध्ये नोंद आहे. तेवढ्यात खेळताना पडलेलं एक मूल आलं, पुढचा दात मुळासकट निघालेला, आईने दुधात घालून आणलेला. असा दात परत बसवायचा तर एकेक मिनिट मोलाचं असतं. मुळावरच्या पेशी वाळल्या की तो दात टिकणं अवघड. मी त्या मुलाला थांबवायला हवं होतं का? त्यानंतर, वेळेवर येऊन बसलेले दोघे. म्हणून तुमचा नंबर सव्वासातला लागला.

आणि तुम्हाला शेवटी घेऊन मला काय मिळणार होतं? रक्तातून पसरणारे आजार कित्येकांना असतात आणि त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. त्यामुळे समोरच्या प्रत्येकाला संसर्ग असू शकतो असं धरूनच काम करायचं असतं. प्रत्येकाला नवे ग्लोव्हज, प्रत्येकाची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं. तिथून निघालेलं हत्यार तुमच्यानंतर कुणालाही चालतं. अशा पेशंटना शेवटचा नंबर देणारे डॉक्टर आहेत, मला माहीत आहे. त्यांचा स्वतःच्याच ऑटोक्लेव्हवर भरवसा नसतो. तुम्ही मला त्यांच्यात नेऊन बसवलंत, ते लागलं.

संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या २००० सालच्या टिप्पणीचा दाखला तुम्ही दिलात, आरोग्यसेवेत भेदभाव नको आणि रुग्णाची माहिती गुप्त राहावी, असं सांगणारी. केसपेपरच्या कोपऱ्यातली लाल पेनची खूण त्यात बसत नाही, कबूल. ती असिस्टंटने केली. दोन-दोन ग्लोव्हजही तिनेच काढून ठेवले होते. मी ते घातले, हेही खरं. इतरांच्या वेळी घालत नाही. खूण बंद केली आहे, बाकीचंही बघतो. रिसेप्शनवरच्या मुलीवर मात्र तुम्ही ज्या आवाजात ओरडलात, ते तिने घरी जाऊन रडून काढलं.

तुमचा रिव्ह्यू वाचून दोघांचे फोन आले. ‘तुम्ही तसले पेशंट घेता का?’ ‘घेतो,’ म्हणालो. दोघांनीही अपॉइंटमेंट रद्द केली. म्हणजे तुमच्या लेखी मी भेदभाव करणारा, आणि त्यांच्या लेखी न करणारा. दवाखाना दोन्हीकडून रिकामा.

टाके काढायचे राहिलेत. दुसरीकडे काढणार असाल तर एक्स-रे आणि कागद तयार ठेवतो. इथेच येणार असाल तर सकाळचा पहिला नंबर तुमचा. फक्त वेळेवर या.