एकही नाव नसलेला नकाशा

आमच्या बेळगावात नकाशा म्हटलं की दोन मिनिटांत गाडी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेवर येते आणि चहा गार होतो. त्यामुळं परवा रविवारी जांबोटी रस्त्याकडच्या माळावर आम्हा चौघांच्या हातात ओरिएंटीअरिंगचा नकाशा पडला तेव्हा मी सवयीनं आधी गावाचं नाव शोधलं. नाव नव्हतंच. ना मराठीत, ना कन्नडमध्ये. नुसते रंग, रेघा आणि जांभळी वर्तुळं.

खेळ सांगायला सोपा. त्रिकोणापासून सुटायचं, वर्तुळातली ठिकाणं क्रमानं गाठायची, दुहेरी वर्तुळापाशी संपवायचं. प्रत्येक ठिकाणी पांढरा-केशरी झेंडा, त्यावर नंबर; कुठल्या ठिकाणी कुठला नंबर ते सोबतच्या चिठ्ठीत. मधली वाट ज्याची त्यानं ठरवायची, मोबाईलचं जीपीएस चालत नाही. शाळेत दोन मार्कांसाठी घोकलेल्या समोच्च रेषा इथं तपकिरी रंगात, पाच-पाच मीटरला एक. रंगांचा कारभार तर उलटाच: पांढरं म्हणजे पळता येईल असं रान, पिवळं म्हणजे मोकळा माळ, आणि हिरवं जितकं गडद तितकं आत घुसणं अवघड. हे सुरुवातीलाच सांगितलं होतं, खरं मी ऐकतोय कुठं! हिरव्यातनं शॉर्टकट मारायला गेलो आणि करवंदीच्या जाळीत शर्टाची अर्धी बाही ठेवून आलो.

तिसरा झेंडा घळीत होता. उतरलो, दिसला, ओरडलो. जवळ जाऊन बघतो तर त्यावर ३७, आणि माझ्या चिठ्ठीत ३४. चिठ्ठीच चुकली असणार, असं मी ठरवून टाकलं. इथं मोठा दगड हवा, आहे की! ओढा हवा, आहे की! वीस मिनिटं मी त्या घळीला माझ्या नकाशात कोंबत होतो. माझी घळ शेजारची, मधल्या सोंडेच्या पलीकडं. नकाशावर जेमतेम एक सेंटीमीटर, म्हणजे जमिनीवर शंभर मीटर.

तिथंच एक धनगर आजोबा भेटले. माझा अवतार बघून म्हणाले, "एन् कळकोंडीरी?" म्हणजे काय हरवलं? माझ्या मोडक्या कन्नडमध्ये म्हटलं, "दारी, अज्जा." वाट हरवली म्हटल्यावर त्यांनी काठीनं सरळ डांबरी रस्ता दाखवला. बिचाऱ्यांचं काय चुकलं?

माझं मत विचाराल तर हा खेळ आपल्या प्रत्येक शाळेत पाहिजे. उगम स्वीडन-नॉर्वेच्या फौजांतला, एकोणिसाव्या शतकातला. आमच्या गावातच मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, तिथल्या जवानाला नकाशा वाचायला शिकवतात. आमची पोरं मात्र भारताच्या कोऱ्या नकाशात नद्या भरतात आणि येळ्ळूरच्या गडावर उभं राहून पश्चिम कुठली ते सांगू शकत नाहीत. दुसरं म्हणजे, या नकाशाला भाषाच नाही. खुणा जगभर सारख्या. झेंडा कुठं आहे त्याचं वर्णनसुद्धा चित्रांतच. आमच्या गटात मागं-पुढं कन्नड बोलणारी पोरं होती, आणि सगळे एकाच कागदावर सारखेच अडाणी होतो. सीमाभागात हे सुख थोडं नाही.

निकाल? आमच्यातला हाफ मॅरेथॉन पळणारा गडी सगळ्यांत आधी आला, खरं पाचव्या ठिकाणाच्या आधी सहावं गाठलं म्हणून बाद. पिरनवाडी येईपर्यंत गाडीत एकच धोशा, "लेका, झेंडे तर सगळे मिळाले की!" मी मागच्या सीटवर मोज्यातली कुसळं उपटत होतो.