ईमचा प्लेग: फॉरवर्डमध्ये किती खरं, किती मसाला

परत फिरायला लागला तो मेसेज. १६६५ साली इंग्लंडमधल्या ईम गावात प्लेग आला, पहिला माणूस दगावताच पाद्री मॉम्पेसनने एकट्याने गाव बंद करवलं (कोणी आत-बाहेर जायचं नाही), ३५० पैकी २६० मेले, इंग्लंड वाचलं आणि गाव कायमचं ओसाड झालं. गाव खरं, प्लेग खरा, बाकी बराच मसाला.

एक तर "ताबडतोब" काही नाही. पहिला बळी, शिंप्याकडचा मदतनीस जॉर्ज विकर्स, सप्टेंबर १६६५ मध्ये दगावला (लंडनहून आलेल्या कापडातल्या पिसवांमुळे, असं मानतात) आणि गाव बंद झालं जून १६६६ मध्ये. मधल्या काळात काहीजण निघून गेले, खुद्द मॉम्पेसननेही आपली मुलं बाहेर पाठवली. बायको कॅथरीन मात्र राहिली, ती ऑगस्ट १६६६ मध्ये प्लेगने वारली.

"एकट्याने" हे तर सगळ्यात चुकीचं. मॉम्पेसन गावात नवा, लोक त्याला फारसं मानत नव्हते. त्यांचा खरा माणूस म्हणजे आधीचा प्युरिटन पाद्री थॉमस स्टॅन्ली, ज्याला चर्चची नवी प्रार्थनापद्धत मान्य नाही म्हणून १६६२ ला काढलेलं. म्हणजे दोघं एकमेकांच्या विरुद्ध गटातले, तरी एकत्र उभे राहिले तेव्हा गाव बंद राहायला तयार झालं, आणि फॉरवर्डवाल्यांनी नेमकं स्टॅन्लीलाच गाळलं! बरं, नुसत्या त्यागावर पोट भरत नाही. जवळच्या चॅट्सवर्थचा सरदार, अर्ल ऑफ डेव्हनशायर, धान्य पाठवायचा, आसपासचे लोक हद्दीवरच्या दगडापाशी सामान ठेवायचे, दगडाच्या खड्ड्यांत व्हिनेगर, त्यात गावकऱ्यांची नाणी, रोग पैशातून पसरू नये म्हणून.

२६० मृत्यू साधारण बरोबर, पण ३५० लोकसंख्या हा जुना अंदाज, आता ७०० च्या आसपास धरतात. म्हणून दुःख कमी होत नाही, एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः पुरली.

इंग्लंड वाचलं म्हणे. अहो, लंडनमध्ये त्याच साथीत ६८,००० वर मृत्यू नोंदलेत! ईमने वाचवली असतील तर आजूबाजूची गावं, तेवढं पुरे नाही का?

आणि ओसाड? नोव्हेंबर १६६६ ला साथ संपली, गाव चालूच राहिलं, पुढे शिशाच्या खाणीही चालल्या. आज हजारेक लोक राहतात, म्युझियम आहे, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्लेगची प्रार्थनासभा होते आणि त्याच सुमारास विहिरीपाशी फुलापाकळ्यांची चित्रं मांडतात, कार्निव्हलही असतो.