खाटा वाढल्या, पण रुग्ण पोहोचला का?
रुग्णालय-प्रमुखाच्या कारकिर्दीवरचा लेख आवडला, पण सगळा भर खाटा आणि इमारतींवरच आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण यायलाच हवं होतं. डॉ. वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ते अवघ्या ११ खाटांवर सुरू केलं. शस्त्रक्रिया फुकट, तरी खेड्यातले लोक येईनात. बसभाडं, जेवण, सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी, हे कुठून आणणार? मग खेड्यांत भरवलेल्या नेत्रतपासणी शिबिरातूनच रुग्णांना बसने नेणं, जेवू घालणं, परत आणून सोडणं, सगळं रुग्णालयाने अंगावर घेतलं. पुढे १९९२ मध्ये ऑरोलॅब हा स्वतःचा लेन्स बनवणारा कारखाना काढून मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची लेन्सही स्वस्त केली. माझ्या मते प्रशासकाची खरी कसोटी इथेच लागते. लेखातल्या प्रमुखांनी दारापर्यंतही न येऊ शकणाऱ्यांसाठी काय केलं, तेही जरूर लिहा.