आधी गेट किती रुंद आहे ते बघा

बंगळुरूला 4 जून 2025 ला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएल जिंकलेल्या आरसीबीच्या टीमला बघायला जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरीत 11 जणांचा जीव गेला तेव्हापासून आमच्या डोंबिवलीच्या शाळेच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय. ऑनलाइन हाक देऊन माणसं गोळा करण्यावर सरसकट बंदी घाला, असं निम्म्या लोकांचं म्हणणं. बाकीचे म्हणतात मुलांनी मग जायचं तरी कुठे. त्यात कुणीतरी इथला, म्हणजे जर्मनीतला, पार्कात जमून काट्याने पुडिंग खाणाऱ्या पोरांचा व्हिडिओ टाकला आणि मला टॅग करून विचारलं, तुमच्याकडे हे कसं चालवून घेतात. त्याचं उत्तर दोन ओळींत देता येईना म्हणून हे सविस्तर.

मी कार्ल्सरूहला राहते, आणि ही पुडिंगची गोष्ट सुरूच झाली या गावात, ऑगस्ट 2025 च्या शेवटी. कुणीतरी साधं पोस्टर लावलं की अमुक दिवशी पार्कात या, पुडिंग आणा, ते काट्याने खाऊया. बस, एवढंच. टिकटॉकवर ते फिरलं आणि बघता बघता हॅनोव्हर, म्युनिक, व्हिएन्ना सगळीकडे पोरं काटे घेऊन जमायला लागली. अशा एका जमण्याला मी मुलीला घेऊन गेले होते. सगळ्यांच्या हातात दुकानातला पुडिंगचा डबा, काट्याने त्याच्या झाकणावर टकटक चालू, मग उलटी मोजणी, शून्य आलं की झाकण फाडून खायला सुरुवात. खाणं पाच मिनिटांत संपलं पण घरी कुणी जाईना, गवतावर घोळके करून बसली सगळी, तू कुठली, काय शिकतेस असं सुरू. माझी मुलगी अनोळखी माणसाशी चार शब्द बोलत नाही, ती तीन मुलींबरोबर अंधार पडेपर्यंत बसली होती. मला फार बरं वाटलं, खरंच सांगते.

आता कायद्याचं. जर्मनीचं घटना न्यायालय याच गावात आहे, आणि त्याने 1985 च्या ब्रोकडॉर्फ निकालात सांगून ठेवलंय की सभेची नोंद जाहीर करण्याच्या 48 तास आधी करायची हा नियम ठीक, पण लोक आपसूक जमले असतील तर केवळ नोंद नाही म्हणून त्यांना पांगवता येणार नाही. मात्र त्याच न्यायालयाने 2001 मध्ये असंही म्हटलं की निव्वळ मौजमजेसाठी जमणं म्हणजे सभा नव्हे, म्हणजे पुडिंगवाल्यांना हे संरक्षण बहुतेक लागू होत नाही. तरी त्यांना कुणी हाकलत नाही, कारण ती मोकळ्या पार्कात बसतात, चारही बाजूंनी बाहेर पडता येतं.

पण जर्मनीत सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नका. 2011 मध्ये हॅम्बर्गच्या एका 16 वर्षांच्या मुलीचं वाढदिवसाचं आमंत्रण फेसबुकवर चुकून सगळ्यांना खुलं राहिलं आणि तिच्या घरासमोर दीड हजाराच्या आसपास लोक आले. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या हारेन गावात असंच झालं आणि तिथे तर दंगल पेटली. आणि 2010 ची जर्मनीतल्याच डुइसबर्गची लव्ह परेड, म्हणजे नाचगाण्याचा मोठा जलसा, तिला रीतसर परवानगी होती, सगळे कागद होते, तरी 21 माणसं मेली, बोगद्यातून वर येणाऱ्या रॅम्पवर. मुंबईत एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर 2017 मध्ये चेंगरून 23 जण गेले, त्यांना कुणी हाक दिली होती? ती रोजची ऑफिसला निघालेली माणसं होती आणि जिना अरुंद होता. बंगळुरूत मेली ती गेटापाशी. म्हणून मला हा बंदीचा आग्रह पटतच नाही, त्याने जिना रुंद होत नाही.

हाक कोण देतंय हे मात्र बघायलाच पाहिजे. कॉलेजच्या पोरीने पोस्टर लावणं वेगळं आणि लाखो चाहते असलेल्या टीमने स्वतःच्या अकाउंटवरून या म्हणणं वेगळं. बंगळुरूत मिरवणूक निघणार की नाही याचाच घोळ चालू होता आणि तरी बोलावणं गेलं. मरीन ड्राइव्हला 4 जुलै 2024 ला वर्ल्ड कपच्या मिरवणुकीला कप्तानानेच ट्विट करून बोलावलं, केवढी गर्दी लोटली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ज्याच्या शब्दाला एवढी माणसं येतात त्याने पाणी, डॉक्टर आणि बाहेर पडायच्या वाटा आधी नक्की कराव्यात, नाही केल्या तर जबाबदारी त्याचीच धरावी. शेवटी पकडला जातो कुणीतरी लहान माणूस आणि नियोजनाचं कुणी विचारत नाही.

आणि आपल्याकडे जमावबंदीची सवय फार जुनी आहे. मुंबईत पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली पाच किंवा जास्त जणांनी जमू नये असे आदेश सतत निघत असतात, लग्न, अंत्ययात्रा, सिनेमागृह यांना सूट असते, पण नुसतं भेटायला, गप्पा मारायला जमलेल्यांना त्यात जागा कुठे आहे? तरी त्याच मुंबईत नोव्हेंबर 2011 मध्ये, 26/11 च्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, सीएसटीच्या हॉलमध्ये 200 च्या आसपास लोक अचानक नाचले, पाचेक मिनिटांत संपवून पांगले, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तीनच वर्षं आधी जिथे गोळ्या चालल्या तिथे लोक नाचले, हे मला आजही फार मोठं वाटतं.

ग्रुपवरच्या सगळ्यांना मी एकच आठवण करून देते, आपला फडके रोड. दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून आपण सगळे तिथे जायचो, कुणाचं पत्रक नाही, मोबाइल तर नव्हतेच, तरी अख्खी डोंबिवली गणपती मंदिरापाशी लोटायची आणि अजूनही लोटते. तिथे कित्येक मैत्र्या जुळल्या, लग्नंसुद्धा जुळली, ग्रुपवर त्यातली दोन जोडपी आहेत. गर्दी ती हीच, बोलावणं फक्त फोनवरून येत नव्हतं. वर्षातून एकदा चालतं तर महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी गाड्या बंद करून तो रस्ता पोरांना का देऊ नये? तुमच्यातले दोघे-तिघे पालिकेत ओळख असलेले आहेत, नगरसेवकाकडे अर्ज घेऊन जा, मसुदा मी इथून लिहून पाठवते.