तुमच्या फॉरवर्डपायी माझ्या कॅसेटी रद्दीत चालल्या होत्या

रविवारी रद्दीवाला यायचा होता. दाराशी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला टेकून एक कापडी पिशवी ठेवलेली दिसली. सहज उचलायला गेले तर जड लागली. आत माझ्या ग्रेटफुल डेडच्या कॅसेटी. प्रत्येकीच्या कडेला माझ्याच अक्षरात तारीख, गाव आणि ‘एयूडी’, म्हणजे ऑडियन्स टेप, असं लिहिलेलं. ज्यांवर ‘एसबीडी’, म्हणजे साउंडबोर्ड, लिहिलं होतं त्या मात्र माळ्यावरच्या खोक्यात सुखरूप.

भाचीला हाक मारली. तिनं फोनवर आलेला फॉरवर्डच पुढे केला. “मावशी, हे वाच ना. ऑडियन्सवाल्या टेपा म्हणजे नुसता कचरा असतो. चांगल्या तेवढ्या मी ठेवल्यात.”

वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसेना.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्रेटफुल डेड हा कॅलिफोर्नियातला बँड. १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं वाजवली, तेवीसशेच्या वर कार्यक्रम केले आणि एकही कार्यक्रम दुसऱ्यासारखा केला नाही. आज सहा मिनिटांत आटपलेलं गाणं उद्या पंचवीस मिनिटं चालायचं. त्यामुळे चाहते प्रत्येक रात्रीची टेप जमवतात आणि कुठल्या रात्रीची कुठली टेप सरस यावर जन्मभर भांडतात. मीही भांडत आले आहे. अमेरिकेत शिकायला होते तेव्हा हा रोग जडला, पुण्याला परत आले तरी उतरला नाही.

तर फॉरवर्डमधली ‘सत्यं’ अशी. ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम सर्वोत्तम असल्याचं खुद्द अमेरिकन सरकारनं जाहीर केलं आहे. हा कार्यक्रम मुळात झालाच नाही, तो सीआयएनं स्टुडिओत बनवला. साउंडबोर्ड टेप हीच खरी, ऑडियन्स टेप म्हणजे कचरा. टेप करणारे चोर होते. १९७७ नंतर बँड संपला. आणि शेवटी आपल्या लोकांसाठी खास फोडणी: हे सगळं आपलंच संगीत आहे, झाकीरभाईंनी त्यांना शिकवलं.

पहिली दोन सत्यं एकाच मजकुरात एकाखाली एक आहेत, हे लक्षात आलं का? जो झालाच नाही तो सर्वोत्तम! लिहिणाऱ्यानं निदान स्वतः तरी एकदा वाचायचं.

सरकारी शिक्क्याचं आधी बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवही आहे. जतन करण्याजोगी पंचवीस ध्वनिमुद्रणं तिच्यात दरवर्षी घेतात. २०११ च्या यादीत कॉर्नेलच्या बार्टन हॉलमधली ही टेप आहे. इथवर खरं. पण त्या नोंदीसोबतचं टिपण कुणी उघडून पाहिलंय का? त्याची सुरुवातच अशी आहे की, तेवीसशेहून जास्त कार्यक्रमांपैकी सर्वांत चांगला कुठला यावर चाहत्यांचं पूर्ण एकमत कधीच व्हायचं नाही. त्यातल्या त्यात या टेपवर थोडंफार एकमत आहे, आणि कारणं काय दिलीत? वादन हे एक, पण त्याच्याबरोबर आवाजाचा उत्तम दर्जा, आणि ही टेप लवकर हाती लागली हे. ज्या कागदाचा हवाला देता तोच तुमच्या विरुद्ध साक्ष देतोय.

‘लवकर हाती लागली’ हे तर फार महत्त्वाचं. ती टेप केली बेटी कँटर-जॅक्सन या बँडच्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी. पुढे त्यांच्या टेपा एका भाड्याच्या गोदामात पडून होत्या, भाडं थकलं, आणि १९८६ साली गोदामवाल्यानं माल लिलावात काढला. त्यातून त्या चाहत्यांपर्यंत पोचल्या आणि प्रतींच्या प्रती निघाल्या. अधिकृत सीडी आली ती थेट २०१७ मध्ये, कार्यक्रमाला चाळीस वर्षं झाल्यावर. म्हणजे हजारो लोकांनी डेडची पहिली स्वच्छ टेप ऐकली ती हीच. पहिलं प्रेम आहे ते, निवाडा नव्हे. मला विचाराल तर दुसऱ्याच दिवशी, ९ मेला, बफेलोत त्यांनी जी सुरुवात केली ती कॉर्नेलपेक्षा कांकणभर सरसच होती. पण मी ते सरकारच्या तोंडी घालणार नाही.

आता सीआयए. यावर शब्द खर्च करू नयेत, पण राहवत नाही. हा मूळचा चाहत्यांमधला विनोद. कॉर्नेलचं अति कौतुक ऐकून कान किटले की कुणीतरी म्हणायचं, अहो, ते झालंच नाही मुळी. फॉरवर्डवाल्यांनी विनोद उचलला आणि हसू तिथंच विसरून आले. त्या रात्री इथाकात, म्हणजे कॉर्नेलच्या गावात, मे महिन्यात बर्फ पडलं, हे तिथं हजर असलेली माणसं अजून सांगतात. दुसऱ्या सेटच्या, म्हणजे मध्यंतरानंतरच्या भागाच्या, सुरुवातीला पुढची गर्दी स्टेजवर रेटते आहे म्हणून बँडचा गिटारवाला बॉब वीअर लोकांना एक पाऊल मागे व्हायला सांगतो, तेही टेपवर आहे. आणि मुख्य म्हणजे, त्या रात्रीची ऑडियन्स टेपसुद्धा आहे. बेटीबाईंच्या टेपेवर आणि या टेपेवर स्वर तेच, चुका त्याच, पण जागा वेगळी, घुमारा वेगळा, शेजारचे लोक वेगळे. खोटा कार्यक्रम रचायचा तर सीआयएनं एक अख्खा हॉल, हजारो विद्यार्थी आणि त्यांच्यात माइक धरून बसलेला माणूसही रचला म्हणायचा. एवढं करण्यापेक्षा कार्यक्रम ठेवणं स्वस्त पडलं असतं.

आणि बघा, तुमची थाप उघडी पाडायला कामाला आली ती कुठली टेप? कचऱ्यातली.

इथं मी थांबणार आहे जरा जास्त वेळ, कारण पिशवी याच मुद्द्यामुळे भरली गेली.

साउंडबोर्ड टेप म्हणजे स्टेजवरच्या माइकांतून मिक्सरमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रात, आलेला आवाज तारेनंच उचलून घेतलेला. ऑडियन्स टेप म्हणजे श्रोत्यांत बसून माइक उभारून केलेली. पहिली स्वच्छ असते, दुसरीत टाळ्या, शिट्ट्या, खोकले येतात, बास गढूळ होतो. हे कबूल. माझ्या त्या पिशवीतल्या सात-आठ टेपा खरोखर भिकार आहेत, हेही कबूल. एकीत तर अख्खा दुसरा सेट एक इसम मित्राला गाडी कुठं लावली ते समजावतो आहे. पण यावरून ‘साउंडबोर्ड हीच खरी’ हे कसं निघतं?

मिक्सरवरचा माणूस टेपसाठी काम करत नसतो, हॉलसाठी करतो. हॉल लहान असेल तर गिटारचा अ‍ॅम्प आणि ड्रम स्वतःच्याच जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातात, मग तो ते मिक्सरवर कमी ठेवतो आणि गळा वर काढतो. हॉलमध्ये सगळं समतोल. टेपेवर मात्र गाणारा कानात ओरडतोय आणि बँडच्या जेरी गार्सियाची गिटार शेजारच्या बिऱ्हाडात वाजतेय. मोठ्या स्टेडियममध्ये सगळंच स्पीकरमधून जातं, तिथं हा दोष फारसा नसतो. आणि कॉर्नेलची टेप एवढी सुरेख का? कारण बेटीबाई हॉलचं मिक्स उचलत नव्हत्या, स्टेजवरचे आवाज वेगळे घेऊन टेपेसाठी स्वतःचं मिक्स करत होत्या. थोडक्यात, तुमची आदर्श साउंडबोर्ड टेप ही नेहमीच्या अर्थानं साउंडबोर्ड टेपच नाही.

१९७४ चं उदाहरण तर फॉरवर्डच्या मुळावरच येतं. त्या वर्षी बँडनं ‘वॉल ऑफ साउंड’ नावाची भिंतच उभारली होती: सुमारे सहाशे स्पीकर, वजन पंचाहत्तर टनांच्या घरात, आणि ती वाजवणाऱ्यांच्या पाठीमागे उभी. प्रत्येक वाद्याचे स्पीकर स्वतंत्र. हॉलसाठी सगळं एकत्र करणारा नेहमीसारखा मिक्सर नव्हताच, आवाज एकमेकांत मिसळायचे ते हवेत. टेपेसाठी वेगळं मिक्स करत, ते निराळं. शिवाय मागच्या भिंतीचा आवाज गाण्याच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक उलट्या जोडणीनं लावलेले, आणि गायचं फक्त वरच्यात. भिंतीचा आवाज दोन्हीत सारखा येऊन रद्द व्हायचा, पण गळाही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ पडायचा. आता सांगा, त्या वर्षी लोकांनी जे ऐकलं ते कुठल्या तारेतून मिळणार? ते हवेत होतं, आणि हवेतलं धरायला माइक हवेतच लागतो.

बरं, साउंडबोर्डच्या टेपाही कुठं अखंड असतात? रीळ संपतं, कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांनी पालटावी लागते, आणि ती नेमकी ऐन जॅममध्ये, म्हणजे गाण्याच्या मधल्या उत्स्फूर्त वादनात, संपते. मधली दोन मिनिटं गडप. ती भरतात कशानं? श्रोत्यांतल्या कुणाच्या तरी टेपेनं, कारण त्यानं त्याची कॅसेट दुसऱ्या क्षणी पालटलेली असते. काही जण तर दोन्ही टेपा एकत्र करून ‘मॅट्रिक्स’ बनवतात, आणि ते काम चिकाटीचं आहे. तीस मीटरवरच्या माइकपर्यंत आवाज पोचायला सेकंदाचा सुमारे अकरावा भाग लागतो, तेवढी टेप सरकवायची. त्यात दोन यंत्रांची गती किंचित वेगळी, म्हणजे सुरुवात जुळली तरी अर्ध्या तासानं सूर एकमेकांचे पाय ओढायला लागतात.

आणि काही रात्री अशा आहेत की ऑडियन्स टेपच ऐकावी. ६ ऑगस्ट १९७१, हॉलिवूड पॅलेडियम. बँडचा गायक पिगपेन ‘हार्ड टू हँडल’ गातोय, मधला जॅम चढत चढत जातो आणि टोकाला पोचल्यावर हॉल जो फुटतो, तो ऐकून माझ्या अंगावर अजून काटा येतो. तीच जागा नुसत्या तारेवर घेतली असती तर चांगलं वाजवलंय एवढंच कळलं असतं. काय घडलंय ते कळलं नसतं. आपल्याकडे जुन्या मैफलींच्या टेपा जपणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. समेवर आलेली दाद पुसून टाका म्हणणारा अजून मला भेटायचा आहे.

उरलेलं भराभर.

चोर? १९८४ च्या ऑक्टोबरपासून बँडनं टेप करणाऱ्यांसाठी हॉलमध्ये खास जागा आखून दिली, तिची तिकिटं वेगळी विकली. अट एकच: अदलाबदल करा, धंदा करू नका. आम्ही अनोळखी माणसाला पाकिटातून दोन कोऱ्या कॅसेट आणि परतीच्या टपालाचे पैसे पाठवायचो, तो भरून परत पाठवायचा. एकानंही मला बुडवलं नाही. त्याआधी लोक माइक लपवून नेत, हे खरं. बूटलेग, म्हणजे परवानगीशिवाय काढलेल्या प्रती, विकणारेही होते, त्यांना काय म्हणायचं ते म्हणा. २००५ च्या नोव्हेंबरात इंटरनेट आर्काइव्हवरच्या टेपा उतरवून घेणं बंद झालं, चाहते खवळले, आणि काही दिवसांत तोडगा निघाला: साउंडबोर्ड फक्त ऐकायच्या, ऑडियन्स टेपा खुशाल उतरवून घ्या. म्हणजे फुकट आणि राजरोस घरी नेता येतो तो माल तुमच्या लेखी कचरा.

१९७७ नंतर संपला? १९९५ चं वर्ष दुःखद होतं, मान्य. जेरीची प्रकृती ऐकू येते. पण २९ मार्च १९९० ला नॅसॉ कॉलिझियममध्ये जॅझवाला ब्रॅनफर्ड मार्सालिस सॅक्सोफोन घेऊन आला, ते ऐका आणि मग बोला.

राहता राहिले झाकीरभाई. इथं अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त चिडचिड होते. डेडच्या दोन ड्रमवाल्यांपैकी मिकी हार्ट १९६७ मध्ये झाकीरभाईंच्या वडिलांना, उस्ताद अल्लारखाँना, भेटला आणि त्यांच्याकडून शिकला. माहीमच्या या घराशी त्याचा संबंध पुढे टिकला: १९७६ ची दिगा रिदम बँडची तबकडी झाकीरभाईंसोबतची, १९९१ च्या ‘प्लॅनेट ड्रम’मध्ये ते आणि घटम वाजवणारे विक्कू विनायकराम दोघंही, आणि तिला ग्रॅमी मिळालं. याचा अभिमान मलाही आहे. पण झाकीरभाई डेडमध्ये नव्हते. आणि मिकी १९७१ च्या फेब्रुवारीत बँड सोडून गेला तो १९७४ च्या ऑक्टोबरात परतला. २७ ऑगस्ट १९७२, व्हेनेटा, ऑरेगॉन, जिथलं ‘डार्क स्टार’ हे गाणं अनेकांच्या मते बँडचा कळस आहे, तिथं दुसरा ड्रमवाला बिल क्रॉइट्समन एकटाच ड्रम वाजवत होता. बास वाजवणारा फिल लेश ल्युचिआनो बेरिओ या इटालियन संगीतकाराकडे शिकलेला, आणि सगळे जॅझ सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनचे वेडे. प्रत्येक चांगल्या गोष्टीवर आपलं आडनाव लावायची काही गरज नाही.

भाचीला परवा पॅलेडियमची टेप लावून दिली. पहिल्यांदा नाक मुरडलं, मग जॅम चढायला लागल्यावर आवाज वाढव म्हणाली. पिशवीतल्या कॅसेटी पुन्हा खोक्यात लावल्या. यादीप्रमाणे छत्तीस हव्यात, पस्तीस भरल्या. कमी आहे ती बफेलोची. भाची शपथेवर सांगते की तिनं ती पाहिलीच नाही. तेव्हा फॉरवर्ड लिहिणाऱ्या सद्गृहस्थांनी दोन कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल तयार ठेवावं.