३५ हॉर्सपॉवर कमी, म्हणे

"अगं, आधीचं मॉडेल १५५ हॉर्सपॉवरचं होतं आणि तू १२०चं घेतलंस? नवी गाडी घेऊन ताकद कमी? वय झालं तुझं."

आज सकाळी फोनवर हे ऐकलं. बोलणारा वीस वर्षं माझ्याबरोबर गाडी चालवणारा मित्र आहे, म्हणून जास्त लागलं. फोन ठेवल्यावरही डोकं शांत होईना, म्हणून इथे लिहितेय.

गाडी म्हणजे डुकाटी या इटालियन कंपनीची नवी मोटरसायकल, पानिगाले व्ही२. तिच्यावर माझे ३१२ किलोमीटर झालेत. रनिंग-इन चालू आहे, म्हणजे नवं इंजिन अजून जपून चालवायचं, त्यामुळे टॉप स्पीड वगैरे कुणी विचारू नका, वरचे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मी अजून पाहिलेलेच नाहीत. पण शनिवारी घाटात एक डावं वळण आलं. चढावरचं, पुढचं काही न दिसणारं. आत शिरल्यावर ते आणखी आवळत गेलं. मी तिसऱ्या गिअरमध्ये, आणि असायला हवं होतं दुसऱ्यात. गाडी पूर्ण झुकलेली, आरपीएम तीन हजारांच्या जरा वर. पोटात गोळा आला. तीन वर्षांपूर्वी अशाच वळणावर मी हीच चूक केली होती. तेव्हाच्या चार सिलिंडरच्या गाडीत तेवढ्या आरपीएमला काही जीवच नव्हता, म्हणून झुकलेल्या अवस्थेत गिअर खाली टाकला, मागचं चाक सुटलं आणि उजवं मनगट मोडलं. प्लेट अजून आत आहे.

शनिवारी मी गिअरला हात लावला नाही. म्हणजे पाय. थ्रॉटल हळूच उघडला, गाडीने ना आचका दिला ना कुरकुर केली, आणि ओढत ओढत वळणाच्या बाहेर काढलं. बस, एवढंच झालं. पुढच्या वळणाला हेल्मेटमध्ये माझे डोळे भरले होते.

आता सांगा, ३५ हॉर्सपॉवर कुठे कमी पडली?

हे इंजिन ८९० सीसीचं आहे, दोन सिलिंडर ९० अंशांत. जास्तीत जास्त टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढीच्या, ७० टक्क्यांहून जास्त टॉर्क ३,००० आरपीएमलाच हातात येतो. इनटेक व्हॉल्व्हचं, म्हणजे इंजिनात हवा-इंधन आत सोडणाऱ्या झडपांचं, टायमिंग आरपीएमप्रमाणे बदलत राहतं, म्हणून हे जमतं. त्या वळणात मला जे मिळालं ते हेच. नुसतं इंजिन ५४.४ किलोचं आहे, आधीच्यापेक्षा ९ किलोंहून जास्त हलकं. माझी एस व्हर्जन तर अख्खी गाडीच आधीच्यापेक्षा १७ किलोंनी हलकी. १७ किलो! झुकलेली गाडी सावरताना हे १७ किलो मनगटाला कळतात, कागदाला कळत नाहीत. हँडलही वर आणि रुंद आलंय. दीड तास चालवून उतरले आणि प्लेटची जागा दुखत नव्हती. असं तीन वर्षांत पहिल्यांदा झालं.

आणि "डेस्मो काढला, मग ती डुकाटी कसली?" हेही त्याने ऐकवलंच. डेस्मो म्हणजे व्हॉल्व्ह स्प्रिंगवर न सोडता यंत्रानेच बंद करायची डुकाटीची पद्धत. अरे, डुकाटीचे इंजिनीअर तालिओनींनी १९५६ साली ग्रां प्रीच्या १२५ सीसी गाडीवर डेस्मो बसवला, कारण त्या काळच्या स्प्रिंगना जास्त आरपीएमवर व्हॉल्व्ह वेळेत बंद करणं जमत नव्हतं. म्हणून व्हॉल्व्ह उघडायलाही कॅम (व्हॉल्व्ह ढकलणारा फिरता उंचवटा) आणि बंद करायलाही कॅमच. तोड होती ती, आणि काय सुंदर तोड! पण आता स्प्रिंग तसे राहिलेले नाहीत. डुकाटीच्याच मल्टिस्ट्राडा व्ही४ने डेस्मो सोडला तेव्हाही असाच आरडाओरडा झाला होता.

मान्य, एकेरी स्विंगआर्म (मागचं चाक एकाच बाजूने धरणारा दांडा) गेल्याचं मलाही वाईट वाटतं. मागचं चाक तसं उघडं दिसायचं त्याची सर या स्विंगआर्मला नाही. आणि ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्यात जुनी १५५वाली मला मागे टाकून जाईल, हेही खरं. जाऊ दे. मी सरळ पट्ट्यात पडले नव्हते.

आवाजाचं मात्र कुणी काही बोलू नका. इंजिनाचा एक ठोका, क्रँक २७० अंश फिरल्यावर दुसरा, मग ४५० अंशांची लांब उसंत. या उसंतीत मागचा टायर रस्ता पकडतोय असं सीटखाली जाणवतं. हे वर्षानुवर्षं ऐकत आले, पण त्या डाव्या वळणात थ्रॉटल उघडताना एकेक ठोका मोजता येत होता. चार सिलिंडरच्या किंकाळीत मला असं कधीच कळलं नाही की चाक आत्ता काय करतंय. "दोनच सिलिंडर" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी १९७२ची इटलीतली इमोलाची शर्यत आठवावी. जगज्जेता आगोस्तिनी चार सिलिंडरच्या एमव्ही अगुस्तावर होता, आणि पहिला पॉल स्मार्ट, दुसरा स्पाज्जारी, दोघेही दोन सिलिंडरच्या डुकाटीवर.

लिहिता लिहिता राग उतरला. कारण एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. तीन वर्षांपूर्वी मी पडले तेव्हा माझ्या मागे हाच होता. माझ्या पायावरची गाडी यानेच उचलली, माझं हेल्मेट काढू न देता डोकं मांडीवर धरून बसला, आणि हॉस्पिटलपर्यंत एक अक्षर बोलला नाही. नंतर वर्षभर मी गाडीला हात लावला नाही तेव्हा दर रविवारी सकाळी फोन करून "येतेस का?" विचारायचा. एकदाही जोर केला नाही. "वय झालं" हे त्याच्या तोंडून यायला नको होतं, एवढंच. कदाचित त्यालाही ते वळण अजून दिसत असेल.

तू हे वाचतोयस, माहीत आहे मला. येत्या रविवारी ये. त्याच घाटात जाऊ, त्याच डाव्या वळणाला. तिसऱ्या गिअरमध्येच जा आत. चावी तुझ्याकडे, मी मागून येते.